दाब, धर, सोड

१

धाकट्या मिस्त्रीचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, मुलगी नोकरीला लागली, तरी गल्लीच्या लेखी तो धाकटाच राहिला. कारण थोरला अजून होता. म्हणजे वर होता. गॅरेजच्या डोक्यावर लाकडी तक्तपोशी, तिच्यावर एक खोली, खोलीत पलंग आणि पलंगावर थोरला मिस्त्री. उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. बायकोमुलांच्या भानगडीत थोरला कधी पडलाच नव्हता, त्यामुळे त्याचं सगळं करायचं ते धाकट्यानं आणि धाकट्याच्या बायकोनं. कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, आणि खाली गिऱ्हाईक हॉर्न वाजवत असलं की हात धुऊन खाली पळायचं. दोघं नवराबायको मेटाकुटीला आली होती. तसं बोलून मात्र कुणीच दाखवत नव्हतं. दादांविषयी असं बोलायचं नाही, असा त्या घरात एक न बोललेला करार होता.

थोरला धडधाकट होता तेव्हा दोघा भावांची कामाची वाटणी ठरलेली होती. थोरला गाडीत बसणार, धाकटा गाडीखाली झोपणार. ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढायची तर माणसं दोन लागतातच. खालच्यानं ओरडायचं, "दाब." वरच्यानं पेडल दाबायचं. "धर." वरच्यानं पेडलवर पाय तसाच रोवून ठेवायचा, खालच्यानं चाकाजवळचा छोटा निपल सैल करायचा, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येऊ द्यायचं आणि निपल परत आवळायचा. मग "सोड." वरच्यानं निपल आवळायच्या आत पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेल्या कामावर पाणी पडतं. थोरल्यानं अख्ख्या हयातीत एकदाही पाय आधी उचलला नव्हता. सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, मग भलेही पोटरीत गोळा येवो. एरवी हे दोघे भाऊ दिवसदिवस एकमेकांशी बोलत नसत. भांडण वगैरे काही नाही, स्वभावच मुखदुर्बळ. या तीन शब्दांवर त्यांचं आयुष्य छान चाललं होतं.

थोरला पडल्यापासून पेडलवर बायको बसायची. हातातलं काम टाकून यायची, आरशात बघून केस सारखे करायची आणि म्हणायची, "हं, बोला."

आता जी गाडी गॅरेजात लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर उभी होती, ती थोरल्याचीच. जुनी, छोटी, गोल डोळ्यांची. भंगारातून आणून त्यानं ती उभी केली होती आणि पुतणी जन्मली त्याच वर्षी "ही हिची" असं जाहीर करून टाकलं होतं. आता पुतणीला डोंगरापलीकडच्या इस्पितळात रक्त तपासायची नोकरी लागली होती आणि ती सोमवारी याच गाडीनं जाणार होती. मधे लांबलचक, वळणावळणांचा उतार. जुन्या गाडीला पुढं ड्रमचे ब्रेक. दोन वळणं दाबले की तापायचे, आणि तापले की पेडल दाबलं काय नि न दाबलं काय. म्हणून धाकट्यानं ठरवलं, पुढचे ड्रम काढायचे आणि डिस्क बसवायच्या. त्याही साध्या नाहीत, मधून पोकळ असलेल्या. दोन चकत्या, मधे पडदे, आणि पडद्यांमधून वारा खेळता. कितीही दाबा, तापत नाहीत. मुलगी त्या उतारावर असताना बापाच्या जिवाला घोर नको, एवढाच या सगळ्या उपद्व्यापाचा हेतू होता.

२

काम चिवट निघालं. जुन्या गाडीला नवा अवयव लावायचा म्हणजे दोघांचीही मनधरणी करावी लागते. डिस्कला दोन्हीकडून पॅडच्या चिमट्यात धरणारा कॅलिपर चाकाच्या रिमला घासायला लागला, म्हणून मोठ्या रिमा शोधून आणाव्या लागल्या. जुनी नळी आखूड पडली, नवी वळवून घेतली. पेडलमागचा, तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही बदलला. शनिवारी दुपारी सगळं जागच्या जागी बसलं आणि आता फक्त हवा काढायची राहिली.

"येतेस का गं? हवा काढायचीय!" त्यानं गाडीखालूनच आवाज दिला.

"आले, आले!" वरून उत्तर आलं.

तो फळीवर पाठ टेकून पडला. निपलला नळी जोडली, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. अंग असं आंबलं होतं की तिथंच डोळा लागला असता. थोडा वेळ गेला. आली असेल, असं धरून तो म्हणाला, "दाब."

पेडल दबलं. नळी ताठरली, ते त्याला बोटांना कळलं.

"धर." त्यानं निपल सैल केला. तेल आलं, बुडबुडे आले. त्यानं निपल आवळला. "सोड."

पेडल वर गेलं. काम इतकं सुरळीत चाललं की त्याला बायकोचं कौतुक वाटलं. एरवी ती धर म्हटलं की जरा वेळानं विचारायची, "अजून?" आज चकार शब्द नाही. डावं चाक झालं, उजवं झालं, मागची दोन्ही झाली. शेवटी निखळ तेल यायला लागलं, एकही बुडबुडा नाही.

"झालं गं. जा आता तू," असं म्हणत तो कण्हत कुंथत बाहेर निघाला, हात पुसत उभा राहिला आणि त्यानं गाडीत पाहिलं.

ड्रायव्हरच्या सीटवर काढलेले जुने ड्रम होते. सकाळी त्यानंच ते गोणपाटात गुंडाळून तिथं ठेवले होते. त्यांच्यावर डिस्कची रिकामी खोकी, खोक्यांवर त्याचा डबा. माणूस सोडा, तिथं मांजर बसलं नसतं.

जिन्यावर पावलं वाजली. बायको पदराला हात पुसत खाली आली. तिचे डोळे ओले होते आणि चेहरा मात्र हसरा होता.

"अहो, वर चला आधी. दादांचा पाय हलला."

"कुठला?"

"उजवा! लुळा तोच. मी निघालेच होते खाली, तर बघते तर काय, पाय पलंगाच्या फळीला टेकून दाबतायत. मग सैल सोडतायत. परत दाबतायत. मी कशी येणार खाली? तिथंच बसून राहिले बघत."

धाकट्यानं बाटलीकडे पाहिलं. काळपट जुन्या तेलानं ती गळ्यापर्यंत भरली होती.

३

तो वर गेला तेव्हा पाय नुसता पडला होता. पांढुरका, बारीक झालेला, माळ्यावरच्या जुन्या वस्तूसारखा. पलंगाच्या पायथ्याला लाकडाची उभी फळी होती आणि थोरल्याची टाच तिच्यापासून बोटभर अंतरावर होती. थोरला छताकडे बघत होता.

"दादा," धाकटा म्हणाला. पुढं काय बोलावं हे त्याला सुचलं नाही, पण त्या दोघांच्यात ते नेहमीचंच होतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, असं होतं कधी कधी, स्नायू आपोआप आखडतात, फार आशा लावून घेऊ नका. बायकोचं तोंड उतरलं. धाकट्याला मात्र बरं वाटलं. आपोआप आखडतात, हे वाक्य त्याला आवडलं. त्याच न्यायानं पेडलही आपोआप दबलं असेल. नव्या मास्टर सिलिंडरची स्प्रिंग कडक असेल. किंवा बायको खाली येऊन बसली असेल, काम करून गेली असेल आणि दादांच्या आनंदात विसरली असेल. माणूस दमला की काहीही विसरतो. स्वतः तो परवा चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधत नव्हता का?

पण मग ते ड्रम?

ड्रमचा विचार त्यानं बाजूला ठेवला.

बायको खोलीबाहेर गेल्यावर त्यानं दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच, चोरासारखं म्हटलं, "दाब."

पाय हलला नाही. त्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

"बाबा, काय बोलताय काकांशी?" मुलगी दारात उभी होती, हातात इस्त्रीचे कपडे.

"काही नाही. झोप आलीय मला."

"मग झोपा ना. गाडी झाली की नाही?"

"झाली. उद्या एक नजर टाकतो."

"किती नजरा टाकाल," ती हसत म्हणाली. "काका हिंडतेफिरते असते तर कधीच चावी हातात दिली असती." मग पलंगाजवळ जाऊन तिनं काकाचा गळा खाजवला, त्याला तिथं खाज यायची आणि सांगता यायचं नाही, हे घरात तिलाच कळलं होतं.

४

रविवारी सकाळी त्यानं पुढचं डावं चाक उतरवलं आणि डिस्क नुसत्या हातानं फिरवली. छान सुटी फिरली. पडद्यांमधून वाऱ्याचा बारीक सूं सूं आवाज येत होता. धाकट्याला तो आवाज ऐकायला आवडलं. काम नीट झाल्याचा आवाज होता तो.

मग डिस्क गपकन थांबली.

हळूहळू नाही. पॅडनी दोन्हीकडून चावून धरल्यासारखी. त्यानं जोर लावला, ढिम्म. आणि त्याच वेळी डोक्यावर, तक्तपोशीच्या पलीकडे, पलंगाची फळी करकरली.

त्यानं कॅलिपर खोलला. पिस्टन अडकत असेल, नव्या मालाचा काय भरवसा. पिस्टन लोण्यासारखा सरकत होता. मग नळी आतून सुजली असेल, म्हणून ती बदलली. परत हवा काढावी लागली, या वेळी बायको खरोखरच बसली, "अजून?" म्हणून दोनदा विचारलं, आणि ते ऐकून त्याला इतकं हायसं वाटलं की तो गाडीखाली एकटाच हसला. ती वर गेल्यावर त्यानं पुन्हा डिस्क फिरवली.

सूं सूं. गपकन थांबली. वर फळी करकरली.

तो डिस्कला हात लावून तसाच उकिडवा बसला. वरून बायकोचा आवाज आला, दमलेला, समजुतीचा. "दादा, असं नाही करायचं. पाय सरळ ठेवा बरं. हं, असा."

त्याच्या हाताखाली डिस्क सुटी झाली आणि बोटभर फिरली.

त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त वैताग आला होता. आधीच कमी होतं का घरात? शेवटी तो उठला, गाडीचं दार उघडलं आणि आत वाकून पेडलकडे पाहू लागला. आपण तीन पेडलांकडे खुळ्यासारखे बघतोय, कुणी आलं तर काय म्हणेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मधलं पेडल खाली गेलं. नव्या ब्रेकची पकड जिथं येते तिथपर्यंतच, एक केसही पुढं नाही. तिथं थांबलं. पेडलच्या रबरावर साचलेल्या धुळीत, अंगठ्याच्या जागी, एक गोल हळूहळू दबून काळा झाला. बाकी तिथं काहीच नव्हतं. पेडल तसंच राहिलं, कुणी सोड म्हणेल म्हणून वाट बघत असल्यासारखं.

"सोड," धाकटा पुटपुटला.

पेडल सावकाश वर आलं.

५

त्याला सुचला तो उपाय मिस्त्रीचा होता. त्यानं पाना घेतला, वर गेला आणि पलंगाच्या पायथ्याची फळी काढून टाकली. दाबायला काही नसेल तर माणूस दाबणार कशाला?

"अहो, हे काय?" बायको म्हणाली.

"गादी बदलायला सोपं जाईल."

"गादी बाजूनं निघते."

"आता पायाकडूनही निघेल."

तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण वाद घालण्याइतका उत्साह तिच्यातही उरला नव्हता.

मग तो गाडी घेऊन बाहेर पडला. गल्ली, चौक, कालव्याकडचा रस्ता. गाडी सरळ धावली, सरळ थांबली. कचकन दाबलं तर जागेवर. पेडल स्वच्छ, फक्त त्याच्याच पायाचं. त्यानं इतके चांगले ब्रेक आजवर कुठल्याच गाडीला बसवले नव्हते. घरी येऊन विचारलं तर बायको म्हणाली, दादा मघापासून गाढ झोपलेत.

म्हणजे परीक्षा झालीच नव्हती.

"तू उद्या बसनं जा," जेवताना तो मुलीला म्हणाला.

"का? काय झालं गाडीला?"

"काही नाही झालं. ब्रेक नवे आहेत. जरा मुरू देत."

"ब्रेक म्हणजे काय लोणचं आहे का, बाबा?"

बायको हसली. तोही हसला, आणि तिथंच हरला. पुढं बोलायचं तर काय बोलणार? वर झोपलेला काका तुझ्या गाडीचा ब्रेक दाबतो? ज्या माणसानं आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या भलत्यासलत्या शंका हसण्यावारी नेल्या, त्यानं हे पोटच्या पोरीला सांगायचं?

"काय बिघडलंय ते एकदा नीट सांगा," ती म्हणाली, आता जरा गंभीर होऊन. "खरंच काही असेल तर नाही नेणार. पण नुसतं तुमच्या मनाला वाटतंय म्हणून नको हं. मला तिथं रात्रपाळ्या असणारेत, बस नसते."

"बिघडलेलं काही नाही," तो म्हणाला. ते खरंही होतं. एखाद्या गोष्टीला नाही म्हणायला हो म्हणण्यापेक्षा जास्त बळ लागतं, आणि तेवढं त्याच्यात नव्हतं. "सावकाश जा. चालवताना फोन घेऊ नकोस."

"तुम्हीच शिकवलंय ते."

६

सोमवारी सकाळी ती निघाली. बायकोनं पाण्याची बाटली दिली, ती विसरून गेली, परत आली, घेऊन गेली. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला आणि मग विरला.

धाकट्यानं गॅरेज उघडलं नाही. तो वर गेला आणि पलंगाच्या पायथ्याशी स्टूल ओढून बसला. थोरला जागा होता. त्याचा उजवा पाय गादीच्या कडेबाहेर आला होता, समोर नुसती हवा होती.

आधी काहीच झालं नाही. धाकट्याला डुलकी यायला लागली.

मग पाय हलला. टाच गादीच्या कडेला टेकलेली, पंजा पुढं गेला आणि थांबला. मोकळ्या हवेत, एका ठरावीक जागी, जणू तिथं लोखंड होतं. धाकट्यानं ते अंतर ओळखलं. नव्या ब्रेकची पकड तिथंच येत होती. पंजा सैल पडला. परत जरासा दबला, सुटला. चौक, त्याच्या मनानं सांगितलं. चौकानंतरचा उंचवटा. मग बराच वेळ काही नाही, तो चढ. चढावर ब्रेक लागत नाही.

त्यानं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. चालवताना घेणार नाही ती. घेतला तर जास्त वाईट.

मग उतार सुरू झाला. दाब, सूट. दाब, सूट. वळणाच्या आधी दाबायचं, वळणात सोडायचं, अगदी शिकवल्यासारखं. धाकट्याच्या जिवात जीव आला. पोरगी व्यवस्थित चालवतेय, असं त्याला वाटलं, आणि भावाच्या त्या वाळक्या पायाची त्याला मायाही आली. सोबत करतोय तो तिला, एवढंच. यात घाबरण्यासारखं काय आहे? त्यानं दादाच्या घोट्यावर हात ठेवला. घोटा गरम होता.

आणि मग त्याच्या मनात आलं की हे उलटंही असेल. ती दाबते म्हणून हा पाय दबतो, की हा दाबतो म्हणून ती गाडी थांबते?

ते वळण संपलं. पुढं सरळ उतार, लांब, मालाचे ट्रक सुसाट सुटतात तो. तिथं ब्रेकचं काही कारण नव्हतं. धाकटा पायाकडे बघत राहिला.

पाय सणकन पुढं गेला. अख्ख्या ताकदीनिशी, गुडघा ताठ, पोटरीचा गोळा वर आलेला, बोटांची टोकं पांढरी पडलेली. आणि हवेतल्या त्या जागेवर रुतून राहिला. सुटेना. धाकट्यानं वाट पाहिली, आता सुटेल, आता सुटेल. घोटा त्याच्या हाताखाली थरथरायला लागला.

जुने ड्रम असते तर गाडी रखडत, घसटत गेली असती. आता ती जागेवर थांबली असणार. तापणार नाहीत, सुटणार नाहीत, असे ब्रेक त्यानंच तर बसवले होते.

"अगंबाई," दारातून बायको म्हणाली, "गोळा आलाय पायाला! बाजूला व्हा, चोळते मी." ती पुढं आली, आणि त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"हात लावू नकोस."

"अहो, दुखत असेल त्यांना!"

त्यानं वर पाहिलं. थोरला छताकडे बघत नव्हता. तो धाकट्याकडे बघत होता. किती वर्षांत तशी नजर धाकट्यानं पाहिली नव्हती. ती विचारत होती, आता काय? त्याचा पाय मरणाचा दुखत होता, हे दिसत होतं. पण सांगितल्याशिवाय तो सोडणार नव्हता.

मुलीच्या समोर काही आलं असेल, दरड, गुरं, माणूस, तर धरायलाच हवं. आणि समोर काहीच नसेल, रस्त्याच्या मधोमध गाडी जाम होऊन ती पेडल चाचपत असेल, मागून ट्रक येत असेल, तर सोडायलाच हवं, आत्ता, या क्षणी. धाकट्यानं डोळे मिटून रस्ता बघायचा प्रयत्न केला. त्याला गाडीचं पोट दिसलं, काळं, तेलकट, नाकापासून वीतभर अंतरावर. सगळा जन्म त्यानं तेवढंच पाहिलं होतं.

त्यानं तोंड उघडलं. धर म्हणू, की सोड? पाय थरथरत होता आणि भाऊ वाट बघत होता.

"अहो, असे काय बसलात," बायको रडवेली होऊन म्हणाली. "काहीतरी बोला ना त्यांच्याशी."